रिकाम्या जागेचं काय करायचं?

माझ्या पीएचडीचा विषय कळला की लोक हमखास विचारतात, "अख्खं फुफ्फुस काढल्यावर माणूस जगतो?" जगतो. पण मला त्यापुढचा प्रश्न छळतो: त्या रिकाम्या जागेचं काय होतं?

१९३१ साली बर्लिनमध्ये रुडॉल्फ निसेन यांनी बारा वर्षांच्या एका मुलीचं निकामी फुफ्फुस काढलं. पहिल्या प्रयत्नात तिचं हृदय थांबलं आणि शस्त्रक्रिया अर्धवट सोडावी लागली. काही दिवसांनी निसेन यांनी पुन्हा हात घातला, मुलगी वाचली. १९३३ मध्ये अमेरिकेत एव्हार्ट्स ग्रॅहॅम यांनी कर्करोगासाठी एका डॉक्टरचं फुफ्फुस एकाच शस्त्रक्रियेत काढलं.

पण छातीला पोकळी मानवत नाही. उजवं फुफ्फुस काढलं की डावं फुगतं आणि हृदय उजवीकडे सरकतं. थोडं सरकणं नेहमीचंच. काही थोड्या रुग्णांत मात्र ते इतकं होतं, की डावी श्वासनलिका ताणली जाते आणि पुढची फुफ्फुस-धमनी व मागचा मणका किंवा महाधमनी यांच्यात चेपते. म्हणजे बघा, फुफ्फुस धडधाकट, पण हवेची वाटच बंद! मुलांना धोका जास्त, कारण त्यांच्या श्वासनलिका मऊ आणि भोवतालच्या ऊती लवचिक असतात. काही महिन्यांनी, कधी वर्षांनी धाप लागते, श्वासाला आवाज येतो. हे दम्यासारखं वाटून फसगत होऊ शकते.

उपाय काय? हृदय मूळ जागी आणायचं आणि पोकळी भरायची. छातीत काही भरणं नवं नव्हतं. क्षयरोगात पूर्वी प्लास्टिकचे गोळे बसवत, पण ते फुफ्फुस दाबून ठेवायला. इथे हेतू नेमका उलटा, श्वास मोकळा करण्याचा. १९७९ पर्यंत सिलिकॉनचे रोपण वापरात आले होते. १९९२ मध्ये बॉस्टनच्या हर्मीस ग्रिलो यांच्या गटाने प्रौढ रुग्णांवरचे अनुभव मांडले.

मुलांत मात्र वेगळाच पेच: मूल वाढतं, रोपण वाढत नाही. म्हणून सलाइन भरता येईल अशी पिशवी आली. तिची झडप त्वचेखाली ठेवतात आणि मूल वाढेल तसं सुईने सलाइन घालतात. कमी पडलं तर हृदय पुन्हा सरकतं, जास्त झालं तर हृदयावरच दाब येतो.

तेव्हा पुढच्या वेळी "पहिली यशस्वी शस्त्रक्रिया" असं कुठे वाचलंत, तर एवढं नक्की विचारा: ते मूल मोठं झाल्यावर काय?