बांदाची जायफळं आणि सुरतेचं कापड

मंडळाच्या मागच्या बैठकीत चहाच्या वेळी आपल्यातल्याच एका कापडवाल्या सभासदांनी मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. इंडोनेशियातल्या कुठल्याशा बेटावर, समुद्राला लागून, नारळीची जमीन. "भाऊ, फिरणं पण होईल आणि पैसे पण गुंततील. घेऊ का?" तेव्हा हसण्यावारी गेलं, पण प्रश्न डोक्यात राहिला. त्या बेटांवरच्या जमिनीशी सुरतेचा संबंध काही आजचा नाही. चारशे वर्षांचा आहे. म्हणून हे टिपण.

बांदा म्हटलं की आपल्याला सावंतवाडीजवळचं बांदा आठवतं. हे ते नव्हे. हे बांदा म्हणजे इंडोनेशियाच्या पूर्वेकडच्या मालुकू प्रांतातली छोट्या बेटांची माळ: लोंथोर, नैरा, आय, रुन वगैरे. एके काळी जगातलं सगळं जायफळ आणि जायपत्री इथूनच यायची. श्रीखंडात आपण चिमूटभर किसून घालतो ना, तेच.

हा माल नुसत्या चांदीवर मिळत नसे. तिकडच्या लोकांना कापड हवं असायचं, आणि तेही आपल्याकडचं. पाटणची पटोळी, गुजरातेतलं ठशांचं सुती कापड. सुलावेसीतल्या तोराजा लोकांनी घराण्याची ठेव म्हणून जपलेले गुजराती कापडाचे तुकडे कार्बन-चाचणीत वलंदेजांच्याही आधीच्या शतकांतले निघाले आहेत. म्हणजे वलंदेज, आपण ज्यांना डच म्हणतो ते, आले तेव्हा बाजार तयारच होता. त्यांचा गव्हर्नर जनरल यान पीटरसून कून यानं 1619 मध्ये मालकांना हाच हिशेब लिहून कळवला: गुजरातचं कापड सुमात्रात नेऊन मिरी आणि सोनं घ्यायचं, एका बंदरातल्या नफ्यावर दुसऱ्या बंदरातला माल उचलायचा, म्हणजे युरोपातून फारसा पैसा पाठवायलाच नको. त्याआधी, 1616 मध्ये, पीटर फान देन ब्रुके सुरतेत येऊन गेला होता आणि थोड्याच काळात तापीकाठी वलंदेजांची वखार उभी राहिली.

आता जमिनीचं. बांदाच्या पुढाऱ्यांना, त्यांना ओरांग काया म्हणत, सगळा माल एकट्या वलंदेजांना द्यायचा करार मान्य नव्हता. ते जाव्याच्या, मलाय, इंग्रज अशा कुणालाही विकत. 1621 मध्ये कून आरमार घेऊन गेला. 8 मे रोजी 44 ओरांग कायांची मुंडकी उडवली गेली. बेटांवर त्याआधी सुमारे पंधरा हजार लोक होते आणि नंतर हजारभरच उरले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. बाकीचे मारले गेले, उपाशी मेले, पळाले किंवा बटाव्हियाला गुलाम म्हणून नेले गेले.

जमीन अशी "मोकळी" झाल्यावर तिचे 68 तुकडे पाडले. एका तुकड्याला म्हणायचे पर्क, आणि तो घेणारा पर्केनिर. बहुतेक कंपनीचे जुने शिपाई-नोकर. कागदावर जमीनदार, पण जायफळ विकायचं फक्त कंपनीला, कंपनीच्या भावानं. तांदूळ तिच्याकडून, राबायला गुलामही तिच्याकडून. त्यांत हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून नेलेली माणसंही होती. बरेच पर्केनिर कर्जात बुडाले. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हा व्यवहार समजावून सांगावा लागणार नाही.

शेजारच्या रुनवर इंग्रजांचा दावा होता. 1616 च्या डिसेंबरात नॅथॅनिएल कोर्टहोप तिथे उतरला आणि 1620 मध्ये मारला गेला. पुढे 1667 च्या ब्रेडाच्या तहात इंग्रजांनी रुनवरचा हक्क सोडला आणि जिंकलेलं मॅनहॅटन आपल्याकडेच ठेवलं. जेमतेम तीन किलोमीटर लांबीचं बेट! गुंतवणुकीवर बोलणारे हा किस्सा फार चवीनं सांगतात. बेटावरच्या लोकांचं काय झालं, ते मात्र गाळतात.

तेच जायफळ, जायपत्री, लवंग बटाव्हियामार्गे सुरतेला येऊन दामदुपटीपेक्षाही चढ्या भावानं विकली जात. वीरजी व्होरासारखे बडे सावकार मसाल्याचा माल घाऊक उचलत. जानेवारी 1664 मध्ये महाराजांनी सुरत लुटली तेव्हा सुभेदार इनायतखान किल्ल्यात लपला, व्होराची हवेली जळाली, वलंदेज आणि इंग्रजांच्या वखारी मात्र बचावल्या. हा प्रसंग आपण मराठी माणसं मोगलांचा पैसा म्हणूनच वाचतो, ते बरोबरही आहे. पण त्या तिजोऱ्यांत बांदाचाही वाटा होता, हे माझ्या तरी फार उशिरा लक्षात आलं. कतारगाम दरवाज्याजवळच्या वलंदेज कबरस्तानात फान रीडची मोठी घुमटी आपण सहलीत पाहिली. तेव्हा सगळं बोलणं त्याच्या मलबारच्या वनस्पतींवरच्या ग्रंथाचं झालं. बांदाचं नावही निघालं नाही.

आता सभासदांच्या प्रश्नाकडे. इंडोनेशियाच्या 1960 च्या जमीन कायद्यानं पूर्ण मालकीहक्क, 'हाक मिलिक', परदेशी नागरिकाला मिळत नाही. ठरावीक मुदतीचा वापरहक्क मिळू शकतो, तोही अटींवर. स्थानिक माणसाच्या नावानं घेऊन आपण मालक राहायचं, ही दलालांची युक्ती त्याच कायद्यानं रद्दबातल ठरते. जमीन सरकारजमा होऊ शकते, आणि दिलेले पैसेही परत मागता येत नाहीत. गावाच्या सामाईक जमिनीचे रूढीचे हक्क वेगळेच. हा कायदा इतका कडक का, ते 68 पर्क पाहिले की कळतं.

फिरायला मात्र जरूर जावं. आंबोनहून बोट जाते. नैरात हाता आणि शहरीर यांना वलंदेजांनी 1936 पासून स्थानबद्ध ठेवलं होतं, ती घरं आहेत. पुढे एक उपराष्ट्रपती झाला, दुसरा पंतप्रधान. लोंथोरवर उंच कनारीच्या झाडांच्या सावलीत अजूनही जायफळ पिकतं. कापडवाल्या सभासदांना मी एवढंच सांगितलं की जाल तेव्हा पाव किलो घेऊन या, दिवाळीच्या बैठकीला श्रीखंड माझ्याकडे.