उतरलेला कोट आणि शिवणीतील माया

वस्त्रांच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा नव्या कापडावर खिळलेली असते. कापूस किती पिकला, सूत किती निघाले, कापड कोठून आले व कोठे गेले, याची गणती होते. एकदा वस्त्र अंगावर चढले की ते इतिहासाच्या कक्षेबाहेर गेले असे जणू गृहीत धरले जाते. वस्तुतः पुष्कळ वस्त्रांचे खरे आयुष्य ती पहिल्या अंगावरून उतरल्यावर सुरू होते. जीर्ण वस्त्रे टाकून नवी घेण्याचा गीतेतील दृष्टांत सर्वांस परिचित आहे. टाकलेले वस्त्र पुढे कोणाकडे जाते, हा प्रश्न मात्र त्या दृष्टांतात उद्भवत नाही. प्रस्तुत विषय नेमका तोच आहे. दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेला कोट तिसऱ्याच्या अंगास नीट बसावा म्हणून शिंपी त्यावर जे संस्कार करतो, त्यांचा विचार येथे कर्तव्य आहे. वरकरणी हा केवळ कारागिरीचा विषय वाटतो, परंतु त्यात प्रतिष्ठेचा प्रश्न गुंतलेला आहे.

हा प्रश्न शब्दांतच स्पष्ट उमटला आहे. मराठी दरबारी व्यवहारात सन्मानाच्या पोशाखास खिलत म्हणत. हा शब्द अरबी असून त्याच्या मुळाशी ‘अंगावरून काढणे’ हा अर्थ आहे. राजाने स्वतःच्या अंगावरील वस्त्र उतरवून सेवकास द्यावे, ही त्यामागील मूळ कल्पना होय. पुढे खिलतीची वस्त्रे नवीच असत, पण शब्दाने आपले मूळ सोडले नाही. याच्या अगदी उलट टोकास ‘उतरलेले कपडे’ हा घरगुती प्रयोग उभा आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सेवा करणाऱ्या शूद्रास उष्टे अन्न व जुनी वस्त्रे द्यावीत असे सांगितले आहे, आणि चांडाळाच्या वाट्यास तर मृतांची वस्त्रे आली आहेत. क्रिया एकच, अंगावरचे काढून देण्याची. राजाने केली तर ती सन्मान होते, गावाने केली तर पायरी दाखविणारी खूण होते. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट मात्र समान आहे. वस्त्र देणाऱ्याचे म्हणूनच ओळखले जावे, घेणाऱ्याच्या अंगास ते बसते की नाही, हे गौण.

आता कोटाकडे वळू. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेले सोनाळा किंवा त्याच्या आसपासची वऱ्हाडातील गावे घेतली, तर हा सारा मुलूख कापसाचा. 1861 ते 1865 या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे येथील कापसास लँकेशायरमध्ये मोठी मागणी आली आणि 1870 साली जलंब–खामगाव लोहमार्ग सुरू झाला. कापूस या मार्गाने बाहेर गेला, परंतु लोकरीचा कोट या भूमीत उपजलेला नव्हता. लोकर येथे होती ती घोंगड्याच्या रूपाने, आणि घोंगडे कापून शिवावयाचे नसते, ते पांघरावयाचे असते. म्हणून कोट आला तो बाहेरून, कचेरी, शाळा, रेल्वे व पलटण यांच्याबरोबर. धोतर, टोपी व वर लांब कोट हा मास्तरांचा व कारकुनांचा वेष पुढे इतका रूढ झाला की त्यातील विजोडपणा कोणास जाणवेनासा झाला. कोटाचे कापड महाग, आणि कोट वर्षानुवर्षे टिकणारा, तेव्हा तो एका पिढीतच अनेक अंगांवरून फिरावा यात नवल नाही. वडिलांचा कोट मुलास, थोरल्याचा धाकट्यास, साहेबाचा शिपायास, अशी ही वाटचाल असे.

येथे कारागिरीचा एक भेद लक्षात घेतला पाहिजे. अंगरखा, बाराबंदी, पैरण यांसारखी देशी वस्त्रे बहुतांशी सरळ पट्ट्यांची असतात. घेर हवा तेथे कळी घालावयाची, बगलेत ओढ बसू नये म्हणून चौबगला जोडावयाचा. अशा वस्त्रात बदल म्हणजे तुकडा जोडणे किंवा काढणे. कोटाचे तसे नाही. तो शरीराचा जणू साचाच असतो. छातीत कॅनव्हासचा थर, खांद्यात भरती, कमरेशी चुणी, आणि लोकरीला वाफ व इस्त्री देऊन आणलेला गोलवा, या सर्वांनी मिळून तो उभा राहतो. म्हणून परक्या कोटाचे रूपांतर करताना शिंप्यास प्रथम पहिल्या शिंप्याचे मन वाचावे लागते. पाठीची मधली शिवण व बगलेखालच्या बाजू उसवून कोट घेता येतो, म्हणजे तंग करता येतो, आणि ही कामे तुलनेने सोपी. बाहीची लांबी मनगटापाशी कमी करता येते, परंतु तेथे खरी काजे असतील तर ती मुंढ्याकडून कमी करावी लागते आणि काम दुपटीने वाढते. खांदा सर्वांत अवघड. तो उतरला असेल तर बाही, गळा व कॉलर ही तिन्ही उकलावी लागतात, आणि पुष्कळ शिंपी त्यास हातच लावीत नाहीत. उंची फार कमी केली तर खिसे खालच्या कडेवर येऊन बसतात व कोट उघडपणे उसना दिसू लागतो.

कोट सैल करावयाचा असेल तर सर्व भिस्त एका गोष्टीवर असते. शिवणीच्या आत जे जादा कापड राखून ठेवलेले असते त्यास मराठी शिंपी ‘माया’ म्हणतो. ममता, भ्रम व गाठीचा पैसा हे या शब्दाचे अर्थ सर्वश्रुत आहेत. न दिसणारा, पण अडीअडचणीस उपयोगी पडणारा साठा, या अंगाने धंद्यातील अर्थ गाठीच्या पैशाच्या अर्थाशी सहज जुळतो. पहिल्या शिंप्याने माया ठेवली असेल तर दुसऱ्या मालकास कोट होतो, नसेल तर होत नाही. मात्र उसवलेल्या जागी जुन्या दुमडीची रेघ उरते, आणि आतले कापड बाहेरच्याहून अधिक गडद निघते. यावर जुना उपाय म्हणजे कोट पुरता उकलून, कापडाची आतील, न विटलेली बाजू बाहेर घेऊन, पुन्हा शिवणे. अशा उलटविलेल्या कोटाची एक खूण लपत नाही. डाव्या छातीवरचा खिसा उजवीकडे जातो. जुनी काजे रफूने बुजवून दुसऱ्या बाजूस नवी करावी लागतात ती वेगळीच.

या धंद्याची परिभाषा तपासली तर त्यात थरावर थर बसलेले दिसतात. कात्री संस्कृतोद्भव, अस्तर व बखिया फारसी, रफू अरबी, काज व इस्त्री पोर्तुगीज, कॉलर इंग्रजी. कोट हा शब्द आला तेव्हा मराठीत किल्ला या अर्थाचा कोट आधीच ठाण मांडून होता. बंडी म्हणजे बिनबाह्यांचे वस्त्र, तर विदर्भाच्या पुष्कळ भागात तीच बंडी बैल ओढतात. अर्थांतराचे विशेष उदाहरण जाकिटाचे आहे. इंग्रजीत ज्यास बाह्या असतात त्याच शब्दाने मराठीत बहुधा बिनबाह्यांचे वस्त्र दर्शविले जाते. उच्चाराच्या बाबतीत, वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होत असल्याने गळा हा ‘गया’ व कळी ही ‘कयी’ होते. नवागत कॉलरला हा नियम लागू होण्याचे कारणच नाही. परंतु या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे क्रियापद ‘बेतणे’ हे होय. बेतणे म्हणजे विशिष्ट अंगाचे माप घेऊन कापड कापणे. ते नव्या कापडासंबंधीच वापरले जाते. जुन्या कोटाच्या बाबतीत घेणे, सोडणे, उसवणे, फार तर ‘आल्टर करणे’ असे बोलतात. उतरलेले वस्त्र कोणासाठी ‘बेतलेले’ नसते, ही जाणीव भाषेने अशी सांभाळली आहे.

या जाणिवेचे राजकीय रूप 1920 नंतर दिसू लागते. 31 जुलै 1921 रोजी गांधीजींनी परळ येथे विदेशी कापडाची होळी केली. हे कपडे जाळण्यापेक्षा गरिबांस का देऊ नयेत, हा आक्षेप रवींद्रनाथांसारख्यांनी घेतला. गांधीजींच्या उत्तराचा आशय असा की, ज्यांना काम हवे आहे त्यांच्यापुढे टाकाऊ कपडे करणे हा त्यांचा अपमान आहे. हे उत्तर पटो वा न पटो, दानातील अपमान त्यांनी अचूक ओळखला होता. पण ज्यांच्यावर ती उतरण पिढ्यानपिढ्या लादली गेली त्यांचा विचार याहून पुढे गेला. 25 डिसेंबर 1927 रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले, आणि त्याच परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांस आपल्या वेषावरून जात ओळखू येऊ देऊ नका, असा उपदेश केला. 1936 साली प्रसिद्ध झालेल्या जातिनिर्मूलनावरील आपल्या निबंधात त्यांनी इंदूर संस्थानातील बलाई लोकांवर लादलेले नियम उद्धृत केले आहेत. त्यांत जरीकाठी पगडीस व रंगीत काठाच्या धोतरास मनाई आहे, आणि स्त्रियांच्या जाकिटांसही. गावोगावच्या पुतळ्यांतील त्यांचा निळा कोट या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. तो कोणाचा उतरलेला नाही, त्यांच्या मापाने बेतलेला आहे, हे दिसणे हाच त्याचा अर्थ.

सामान्य माणसास मात्र नवा कोट बेतून घेणे परवडणारे नव्हते. दुसऱ्या महायुद्धात टंचाई एवढी वाढली की 1943 साली सरकारला कापड व सूत यांवर नियंत्रण आणावे लागले. इंग्लंडातही 1941 ते 1949 कपड्यांचे रेशन होते आणि जुनेच दुरुस्त करून वापरण्याचा प्रचार सरकार स्वतः करीत होते. तेथे ती देशसेवा ठरली, येथे ती गरिबीच राहिली. बोहारीण दारी येऊन जुन्या कपड्यांवर भांडी देई, आणि तो माल जुन्या बाजारात पोहोचे. या व्यवहाराचे एक वैशिष्ट्य फारसे कोणी नोंदविलेले नाही. येथे देणारा घेणाऱ्यास ओळखत नाही. कोट विकत घेतलेला असतो, उपकाराने आलेला नसतो. त्यावर शिंप्याने खांदा उचलून, बाजू घेऊन, नवे अस्तर लावून दिले की पहिल्या मालकाची आकृती त्यातून पुसली जाते. खिलत व उतरण या दोहोंतही न बसणारे असे हे वस्त्र आहे. त्यावर नाव उरते ते फक्त पहिल्या शिंप्याचे, आतल्या खिशावरच्या चिठ्ठीवर, आणि तीही बहुधा नवे अस्तर लावताना निघून जाते.

अलीकडच्या तयार कोटांनी हे काम कठीण केले आहे. कारखान्यात कापडाचा हिशेब काटेकोर असल्याने शिवणीत माया जेमतेम असते, आणि छातीतील थर टाक्यांनी न धरता उष्णतेने चिकटविलेला असतो. तो उकलावयास गेल्यास कापडावर फुगे येतात. अशा कोटाची बाही आखूड करून देता येते, बाजू घेता येतात. सैल करून मागितला तर शिंपी शिवण उलटून आतली चिंचोळी पट्टी दाखवितो आणि कोट परत करतो.