‘कुशल’ कोणाला म्हणायचे?

आमचे आबा कोल्हापुरातल्या एका फौंड्रीत ३१ वर्षे होते. साच्याची वाळू किती ओली हवी, हे ते मुठीत दाबून सांगत. हजेरीपुस्तकात मात्र त्यांच्या नावापुढे शेवटपर्यंत ‘अकुशल’ हाच शब्द राहिला.

२०२५ च्या जूनमध्ये माझी एक जुनी विद्यार्थिनी कागदांची पिशवी घेऊन घरी आली. ब्रिटनमध्ये वृद्धांची देखभाल करण्याचे काम. व्हिसाचे नाव ‘स्किल्ड वर्कर’. “सर, मी कुशल आहे असं लिहून द्या,” ती म्हणाली. मी दिले. पण आबांचा शब्द डोक्यातून जाईना.

हा शब्द ठरवतो कोण? दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या भट्ट्यांना आणि गिरण्यांना माणसे हवी होती. १९४८ च्या नागरिकत्व कायद्यामुळे राष्ट्रकुलातल्या माणसाला तिकडे जायला व्हिसा लागत नव्हता. अडवले ते आपल्याच सरकारने. १९५० च्या दशकात गरीब, अशिक्षित माणसाला ब्रिटनसाठी पासपोर्ट देण्यात दिल्ली हात आखडता घेई. परदेशात देशाची शोभा नको, ही त्यामागची वृत्ती! परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले ते १९६७ मध्ये.

तोवर ब्रिटनने दार लोटून घेतले होते. १ जुलै १९६२ पासून कामाला जाणाऱ्यास व्हाउचर लागू लागले. ‘ए’ वर्ग नोकरी आधीच ठरलेल्यांचा, ‘बी’ विशिष्ट कौशल्यवाल्यांचा, ‘सी’ उरलेल्यांचा. ‘सी’ मध्ये युद्धात सैन्यात राहिलेल्यांना अग्रक्रम होता. म्हणजे महार पलटणीतला जुना शिपाई कागदोपत्री त्यात बसत होता. पण पासपोर्ट आणि बोटीचे भाडे त्याने कोठून आणायचे? १९६४ मध्ये ‘सी’ चे नवे अर्ज थांबले, १९६५ च्या श्वेतपत्रिकेने तो वर्गच संपवला आणि वर्षाला एकूण ८,५०० व्हाउचरांची मर्यादा घातली. आता वाट उरली ती मुख्यतः डॉक्टर, अभियंते, शिक्षक यांना. तेव्हा आपल्या किती घरांत असा माणूस होता? सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ चे, मिलिंद १९५० चे. पहिली पिढी नुकती कोठे वर्गाबाहेर पडत होती.

पंजाबच्या दोआबातले अनेक दलित मात्र त्याआधी पोचले होते. एकाने दुसऱ्याला नेले. वुल्वरहॅम्प्टन, बर्मिंगहॅमकडच्या भट्ट्यांवर ते राबले, त्यांनी रविदास सभा आणि आंबेडकरी संस्था उभ्या केल्या. जातही मागोमाग गेलीच. समानता कायद्यात जातीचा समावेश करण्याचे बंधन २०१३ मध्ये ब्रिटिश संसदेने सरकारवर घातले. २०१८ मध्ये सरकारने त्यातून अंग काढून घेतले.

आता या मुलीचे पाहा. देखभालीच्या कामाला फेब्रुवारी २०२२ मध्ये या व्हिसात जागा मिळाली. २२ जुलै २०२५ पासून परदेशातून येणाऱ्या नव्या अर्जदारांना ती बंद झाली आणि एकंदर व्हिसाची रेषाच पदवीच्या पातळीच्या कामापर्यंत वर सरकली. मुलीकडे बी.ए. ची पदवी आहे. पण नियम माणसाची पदवी विचारत नाही, कामाची पातळी विचारतो. आणि म्हाताऱ्या माणसाला कूस बदलून देणे, न्हाऊ घालणे त्या पातळीत बसत नाही.

एजंटाने घेतलेली आगाऊ रक्कम अजून परत दिलेली नाही. ती सध्या एका खासगी दवाखान्यात रात्रपाळी करते. परवा तिने पगाराची चिठ्ठी दाखवली. हुद्द्याच्या रकान्यात ‘मदतनीस’ होते आणि त्यापुढे कंसात ‘अकुशल’.