लवंगेचे तेल : थेंब आणि चमचा

दाढ दुखू लागली की लवंग चावावी, हा उपाय आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. मग लवंगेच्या तेलाच्या बाटलीवर 'मुलांपासून दूर ठेवा' असे का लिहावे लागते? याचे उत्तर शोधताना आपल्याला थोडा इतिहासही पाहावा लागेल.

लवंग म्हणजे उमलण्यापूर्वी खुडून वाळवलेली कळी. हे झाड मूळचे इंडोनेशियातील मोलुक्का बेटांवरचे. 1519 साली मॅगेलनच्या नेतृत्वाखाली स्पेनहून पाच जहाजे निघाली. त्यांपैकी 'व्हिक्टोरिया' हे एकच पृथ्वीप्रदक्षिणा करून 1522 मध्ये परतले, ते तिदोर बेटावरच्या लवंगा घेऊन! पुढे 17व्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीने अंबोन व आसपासची बेटे सोडून इतरत्र लवंगेची झाडे तोडून टाकली. 1770 साली प्येर प्वाव्र यांच्या प्रयत्नांनी रोपे मॉरिशसला पोहोचली आणि या मक्तेदारीला तडा गेला.

लवंगेच्या वासाचे मुख्य कारण म्हणजे युजेनॉल हे संयुग. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे 254 अंश सेल्सिअस आहे. तरीही पाण्याच्या वाफेबरोबर ते 100 अंशांच्या आतच बाहेर पडते, कारण पाणी व तेल या दोघांच्या बाष्पदाबांची बेरीज वातावरणाच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळू लागते. हेच बाष्प-ऊर्ध्वपातन. युजेनॉल मज्जातंतूंतून जाणारे वेदनेचे संदेश रोखते. 19व्या शतकाच्या उत्तरार्धात ते झिंक ऑक्साइडमध्ये कालवून दातात भरण्याची पद्धत आली. दंतवैद्याच्या दवाखान्यातील परिचित वास तो हाच.

आता थोडे गणित करू. एका लवंगेचे वजन 0.1 ग्रॅम आणि त्यात 15 टक्के तेल धरले, तर एका लवंगेत 15 मिलिग्रॅम तेल असते. पाच मिलिलिटर, म्हणजे लहान चमचाभर तेलाचे वजन सुमारे 5.25 ग्रॅम भरते. म्हणजे एका चमच्यात 350 लवंगा! एवढ्या लवंगा कोणतेही मूल खाणार नाही. पण चमचाभर तेल क्षणात पोटात जाते. 5 ते 10 मिलिलिटर तेल प्यायलेला दोन वर्षांचा एक मुलगा बेशुद्ध झाला, त्याला झटके आले, यकृताला इजा झाली. ब्रिटनमधील ही घटना 1993 साली एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. मुलगा वाचला, तो रुग्णालयातील उपचारांमुळे.

म्हणून हे तेल कुलपात ठेवावे. लहान मुलांच्या हिरड्यांना ते लावू नये. मोठ्यांनीही ते तसेच न लावता गोड्या तेलात मिसळून, तेही थेंबभरच वापरावे. मुलाने ते गिळल्यास उलटी करवू नये. बाटलीसह ताबडतोब रुग्णालय गाठावे. शिवाय ठणका थांबला तरी कीड थांबत नाही, हेही विद्यार्थ्यांना सांगावे.

'नैसर्गिक आहे, मग अपाय कसा होईल?' असे वर्गात कोणी विचारले, तर फळ्यावर 350 हा आकडा लिहावा.