कंत्राटदाराचे प्रगतिपुस्तक कोण लिहितो?

मुंबई : करी रोडहून लोअर परळकडे जाणारा डिलाइल पूल धोकादायक ठरल्याने जुलै 2018 मध्ये बंद करण्यात आला. तो पूर्णपणे खुला झाला नोव्हेंबर 2023 मध्ये. रुळांवरील भाग पश्चिम रेल्वेने बांधला, तर पोहोच रस्ते महापालिकेने. एवढ्या दीर्घ कामातील विलंबाचा किती वाटा यंत्रणांचा, किती कंत्राटदाराचा, हे रहिवाशांना कधी कळत नाही. मात्र पुढच्या निविदेच्या दृष्टीने हाच प्रश्न कळीचा असतो. सरकारी कामात कंत्राटदाराची मागील कामगिरी कशी मोजली जाते आणि तो ती कशी सांभाळतो, याची ही माहिती.

निविदा भरण्यासाठी आधी पूर्वानुभव सिद्ध करावा लागतो. केंद्रीय दक्षता आयोगाने डिसेंबर 2002 मध्ये त्याचे ढोबळ निकष घालून दिले. मागील सात वर्षांत, अंदाजित खर्चाच्या 40 टक्के किमतीची तीन, 50 टक्क्यांची दोन किंवा 80 टक्क्यांचे एक तत्सम काम पूर्ण केलेले असावे. म्हणजे 100 कोटींच्या पुलासाठी 80 कोटींच्या एका पुलाचा दाखला पुरतो. तपशिलात थोडाफार फरक करून अनेक सरकारी खाती हीच पद्धत वापरतात.

या पद्धतीत काम किती मोठे होते हे कळते. ते किती चांगले झाले, हे क्वचितच. कार्यकारी अभियंत्याच्या दाखल्यात कामाची रक्कम, कार्यादेशाची तारीख, पूर्ततेची तारीख असते आणि फार तर 'काम समाधानकारक' असा शेरा. पात्रतेची पायरी ओलांडली की, बहुतेक कामांत सर्वांत कमी दर देणाराच यशस्वी ठरतो. उत्तम काम करणाऱ्याला आणि कसेबसे उरकणाऱ्याला त्या टप्प्यावर समान वागणूक मिळते.

म्हणूनच मुरलेला कंत्राटदार दाखल्याची तयारी कामाच्या पहिल्या दिवसापासून करतो. जागा उशिरा ताब्यात मिळाली, जलवाहिनी हटवली नाही, वाहतूक पोलिसांची परवानगी लांबली, अशी प्रत्येक बाब तो पत्राने कळवतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कामांत तर अडथळ्यांची स्वतंत्र नोंदवहीच असते. तिच्या आधारे विनादंड मुदतवाढ मिळाली, की वर्षभर रखडलेले कामही कागदावर वेळेत पूर्ण झालेले दिसते. यात सारेच लबाडी करतात, असे मुळीच नाही. मुंबईसारख्या शहरात हे अडथळे बहुधा खरेच असतात. पण ती नोंदवही नीट न ठेवणारा प्रामाणिक कंत्राटदार दंड भरतो आणि ठेवणारा सुटतो. अनुभव कमी पडणारी कंपनी अनुभवी कंपनीशी संयुक्त भागीदारी करून निविदा भरते. प्रत्यक्ष जागेवर काम कोण करतो, हा प्रश्न मग निराळा.

दुसऱ्या टोकाला काळी यादी आहे. रस्त्यांच्या 34 कामांच्या चौकशीनंतर 2016 मध्ये मुंबई महापालिकेने सहा कंत्राटदारांविरुद्ध गुन्हे नोंदवून त्यांना काळ्या यादीत टाकण्याची कारवाई केली. अशा कारवाईला कंत्राटदाराचे ठरलेले उत्तर म्हणजे न्यायालय, आणि तेथे त्याची बाजू अनेकदा भक्कम असते. बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय कोणालाही काळ्या यादीत टाकता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1974 मध्येच सांगितले. कारणे दाखवा नोटिशीत या संभाव्य कारवाईचा स्पष्ट उल्लेख हवा, असे 2014 मध्ये बजावले. तर बंदी कायमची असू शकत नाही, हे 2013 मध्ये. केंद्राच्या 2017 च्या वित्तीय नियमांनुसार भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्यास तीन वर्षांपर्यंत, तर सचोटीच्या संहितेचा भंग करणाऱ्यास खरेदी करणारी संस्था दोन वर्षांपर्यंत दूर ठेवू शकते.

नोटीस घाईत लिहिली गेली, की कारवाई लटकते. शहर भागातील रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाचे दीड हजार कोटींहून मोठे कंत्राट नोव्हेंबर 2023 मध्ये महापालिकेने रद्द केले. कंपनी उच्च न्यायालयात गेली, महापालिकेला नव्याने सुनावणी घ्यावी लागली आणि रस्ते तोवर तसेच राहिले. कंत्राटदाराला शिक्षा करताना नागरिकालाही ती भोगावी लागते.

'समाधानकारक' आणि 'काळी यादी' यांच्या मधल्या पायऱ्या आपल्याकडे जवळपास नाहीत, हे खरे दुखणे आहे. अमेरिकेच्या संघ सरकारने कंत्राटदारांसाठी पाच श्रेणींची नोंद ठेवण्याची पद्धत रुजवली. तीत दर्जा, वेळापत्रक, खर्चावरील नियंत्रण असे गुण स्वतंत्र तपासले जातात आणि कंत्राटदाराचे लेखी उत्तर मूल्यमापनासोबत जोडले जाते. वाद तेथेही होतात. पण ते एका शेऱ्यावर होतात, कंपनीच्या अस्तित्वावर नव्हे. आपल्या केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये दर्जाप्रधान ठरवलेल्या कामांत गुणवत्तेला 30 टक्क्यांपर्यंत भार देण्याची मुभा दिली. ती मुभाच आहे, सक्ती नाही.

आपल्या भागातील कामाचा पूर्तता दाखला, मुदतवाढीचे आदेश आणि दंडाचा हिशेब माहितीच्या अधिकाराखाली मागता येतो. अर्जाचे शुल्क 10 रुपये असून उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत आहे. करी रोडचा परिसर महापालिकेच्या जी दक्षिण आणि एफ दक्षिण विभागांत वाटला गेला आहे. मात्र पुलांची कामे विभाग कार्यालयांकडे नसून पूल खात्याकडे असतात, त्यामुळे अर्ज त्या खात्याच्या जनमाहिती अधिकाऱ्यांच्या नावेच करावा. रुळांवरील भागासाठी रेल्वेकडे वेगळा अर्ज द्यावा लागेल.