आठ ठोकळे आणि एक बंदीहुकूम

१/ ऑगस्ट १८५१. प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टन अर्थात बालोद्यानांवर बंदी घातली. तेथे मुले करीत तरी काय होती? ठोकळे रचत होती आणि पाटीवर रेघा ओढत होती.

२/ बालोद्यानाचे जनक फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी बर्लिनमध्ये स्फटिकशास्त्रज्ञ वाइस यांच्या हाताखाली काम केले होते. स्फटिकांत दिसलेली भूमिती त्यांनी १८३७ पासून ब्लांकेनबुर्ग येथे खेळण्यांत उतरवली. या खेळण्यांना ते ‘देणग्या’ म्हणत.

३/ तिसरी देणगी म्हणजे आठ लहान घनांचा मिळून झालेला एक लाकडी घन. मूल त्याचे दोन भाग करी, मग चार, मग आठ. आणि पुन्हा जुळवून अखंड घन उभा करी. ‘अपूर्णांक’ हा शब्द कानी पडण्यापूर्वीच अर्धा आणि पाव हाताला कळत.

४/ चौकटी आखलेल्या पाटीवर आधी एका घराची रेघ, मग दोन घरांची, मग तीन. अशा रीतीने संख्येला लांबी मिळे आणि चित्रकलेतून मापन उमजे.

५/ सरकारला मात्र यात नास्तिकता व समाजवाद दिसला. पुतण्या कार्ल यांच्या लेखनाचा ठपका काकांवर आला. १८५२ मध्ये फ्रोबेल निवर्तले. बंदी उठली १८६० मध्ये. तोवर त्यांच्या अनुयायांनी ठोकळे इंग्लंड-अमेरिकेत पोहोचवले होते.