तुणतुण्याचा डबा

‘काय तेच तुणतुणे लावले आहेस!’ असे आपण सहज म्हणून जातो. रडगाण्याला, कटकटीला आपल्या भाषेने या वाद्याचे नाव दिले. वाचकहो, ज्या वाद्याच्या सुरावर महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या पोवाडे ऐकले, त्याची ही संभावना मला इतिहासाचा शिक्षक म्हणून फार दिवस खटकत आली आहे.

1659 साली अफजलखानाचा वध झाला. त्यावरचा अज्ञानदासाचा पोवाडा आजही अभ्यासला जातो. 1891 मध्ये ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी जुने पोवाडे जमवून छापले, म्हणून पुष्कळ शाहिरांचे शब्द टिकले. पण शाहिराच्या पाठीशी उभा राहून सूर धरणारा तो सुरत्या, आणि त्याच्या हातातले तुणतुणे? ते कोणी घडवले, हे टिपून ठेवावे असे कुणाच्या मनात आले नसावे. मिरजेचे सतारमेकर नावाने ओळखले जातात. 2024 मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. ते योग्यच झाले. तुणतुण्याच्या कारागिराला मात्र नाव नाही.

तसे ते वाद्य आहे तरी केवढे! लाकडाचे पोकळ नळकांडे, तळाला शेळीचे कातडे, बाजूला उभी बसवलेली बांबूची काठी, तिच्या टोकाला खुंटी. कातड्याच्या मध्यातून निघालेली तार पोकळीतून वर खुंटीपर्यंत जाते. एकच तार, एकच सूर. तिच्यावर गाणे वाजवायचे नसते. गाणाऱ्याला षड्ज द्यायचा आणि लयही धरायची. नळकांडे नसेल तर पत्र्याच्या डब्यावरही भागते.

गरजेपोटी असली वाद्ये जगात इतरत्रही झाली. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात चिरूट लाकडी पेट्यांतून विकले जाऊ लागले. रिकाम्या पेटीला दांडी आणि तारा लावून तिथल्या लोकांनी फिडल, बॅन्जो, पुढे गिटारही केली. 1861 ते 1865 च्या यादवी युद्धाच्या छावणीत पेटीचे फिडल वाजवणारा शिपाई एडविन फोर्ब्ज या चित्रकाराने काढून ठेवला आहे. त्या पेट्यांची गिटार आज हौसेने करतात, विकत घेतात. आपल्याकडे ओढायची ती विडी, आणि विडीच्या बंडलातून कसले वाद्य निघणार! आपल्या वाट्याला आला तो पत्र्याचा डबा.

म्हटले, आपणही करून पाहू. जालन्याच्या बाजारातून सतारीची तार आणली, घरातला तुपाचा रिकामा डबा घेतला. झाकण काढले, तळाच्या मध्यावर खिळ्याने भोक पाडले. तार ओवून खाली गाठ मारली, काठी बाजूला स्क्रूने आवळली आणि खुंटी पिळली. तीन पिळांत गाठ पत्रा फाडून वर आली! दुसऱ्या डब्याला गाठीखाली चामड्याची चकती घातली. आता तार टिकली, पण खुंटी फिरून मागे येई. खुंटी खाली निमुळती हवी आणि भोकही तसेच हवे, हे पुस्तकी माणसाला कुठून ठाऊक!

माझ्या एका विद्यार्थ्याचे आजोबा भोकरदनकडचे गोंधळी. त्यांच्यापुढे तो डबा नेताना, खरे सांगतो, थोडी लाजच वाटली. त्यांनी खुंटी काढली, चाकूने दोनदा तासली, खडू चोळून बसवली. मग डबा कानाशी धरून तार छेडली.

“आमचं कातडं पावसाळ्यात उतरतं मास्तर, शेकावं लागतं. हे नाही उतरायचं,” ते म्हणाले. “पण बांबू कोवळा घेतलात तुम्ही. वाकंल.”

तुमच्या गावात असा कुणी म्हातारा अजून असेल, तर त्याला जरूर विचारा, त्याचे तुणतुणे कोणी केले होते. आणि ते नाव वहीत उतरून घ्या. मी विचारले तेव्हा आजोबांनी आपल्या मामाचे नाव सांगितले, आणि बोलता बोलता सूर लावून गोंधळाला सुरुवातच केली. माझा डबा त्या दिवशी काही परत मिळाला नाही.